शेळ्यांमधील जंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेळीच्या पोटात थोडेफार जंत असतातच. ते मुळासकट संपवता येत नाहीत आणि संपवायची गरजही नसते. कोणत्या शेळीला जंतांचा त्रास होतोय ते वेळेत ओळखणे आणि नेमके तिलाच, पूर्ण मात्रेत, लागू पडणारे औषध देणे हे खरे काम. पुढची उत्तरे त्याच अंगाने दिली आहेत.

जंतांमुळे शेळीचे नेमके काय बिघडते?

ते जंत कोणता आणि कुठे राहतो यावर ठरते. काही जंत चौथ्या पोटात रक्त पितात, त्यांच्यामुळे रक्तक्षय होतो. काही लहान आतड्याचे अस्तर खराब करतात, त्यामुळे खाल्लेले अंगी लागत नाही आणि हगवण लागते. चपटे कृमी यकृत पोखरतात, फुप्फुसातले जंत खोकला आणतात. मोठ्या आतड्यातला इसोफॅगोस्टोमम आतड्याच्या भिंतीत वाटाण्याएवढ्या गाठी करतो. अशी शेळी पाठ वाकवून, पाय आखडत चालते.

डोळ्यांना न दिसणारे नुकसान याहून मोठे असते. जंत झालेल्या शेळीची भूक मंदावते. आतड्यातून प्रथिने झिरपून जातात आणि उरलेली प्रथिने जखमा भरण्यात आणि प्रतिकारात खर्ची पडतात. त्यामुळे दूध घटते, करडे खुरटतात, केस राठ होतात, माजावर येणे लांबते, जन्मलेली करडे हलकी भरतात. शेळी मरत नाही म्हणून हा तोटा कुणाच्या लक्षातही येत नाही.

सगळ्यात घातक जंत कोणता?

उष्ण आणि दमट हवेत निर्विवादपणे हिमोंकस कंटॉर्टस. मादी २ ते ३ सेंटिमीटर लांब असते. रक्ताने भरलेल्या लाल आतड्याभोवती पांढऱ्या गर्भनळ्यांचा पीळ असल्याने ती लाल-पांढऱ्या दोरीसारखी दिसते. मेलेल्या शेळीचे चौथे पोट लगेच उघडले तर हे जंत वळवळताना नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घालवतो. हजार जंत म्हणजे रोज ५० मिली. ३० किलोच्या शेळीच्या अंगात रक्त असते दोन लिटरच्या आसपास, तेव्हा दहा-पंधरा दिवसांत काय होईल याचा अंदाज करा. त्यात एक मादी दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक अंडी घालते. हजारांत निम्म्या माद्या धरल्या तरी एका शेळीच्या लेंड्यांतून रोज २५ लाख अंडी कुरणावर पडतात.

ऊब आणि ओल असेल तर अंड्यातून निघालेली अळी चार ते सात दिवसांत संसर्ग करण्याजोगी होते आणि दवाच्या थेंबातून गवतावर चढते. शेळीने ती गिळली की सुमारे तीन आठवड्यांत पोटातला नवा जंत अंडी घालू लागतो. पावसाला सुरुवात झाल्यावर सगळे ठीक वाटते आणि पाच-सहा आठवड्यांनी एकदम शेळ्या मरू लागतात, ते या हिशेबामुळे.

शेळीला हगवण नाही, लेंड्याही बांधीव आहेत. मग जंत कसे असतील?

जंत म्हणजे हगवण हा समज सर्वात जास्त शेळ्यांचा जीव घेतो. हिमोंकस हगवण लावत नाही. उलट त्यात लेंड्या बऱ्याचदा नेहमीपेक्षा कोरड्या असतात. शेळी मरायच्या आदल्या दिवसापर्यंत चरताना दिसू शकते. कळपाच्या मागे पडणे, थोडे चालून बसणे, धापा टाकणे, एवढीच खूण असते. हगवण लावणारे गोलकृमी म्हणजे ट्रायकोस्ट्राँगायलस आणि थंड हवेत टेलाडॉर्सेजिया. म्हणून शेपटी स्वच्छ दिसली तरी रक्त कमी झाले का ते कळायला खालची पापणी ओढून आतला रंग पाहायचाच.

जबड्याखाली सूज आली आहे. ती कशाची?

बहुधा पाण्याची. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन पाण्याला रक्तवाहिनीत धरून ठेवते. रक्तासोबत तेही गेले की पाणी बाहेर झिरपते आणि सर्वात खाली असलेल्या जागी, म्हणजे जबड्याखाली, साठते. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर संध्याकाळी सूज मोठी दिसते आणि सकाळी ओसरलेली असते, म्हणून तपासायचे ते संध्याकाळीच.

बोटाने दाबा. मऊ लागली आणि बोटाचा खड्डा क्षणभर तसाच राहिला तर ते पाणी. टणक गोळा असेल तर गळू, दाताचा विकार किंवा लसीकागाठीचा आजार असू शकतो. त्यावर जंतनाशकाचा उपयोग नाही. पाण्याची सूज लिव्हर फ्लूकमध्ये (यकृतातल्या चपट्या कृमीमुळे) आणि दीर्घ कुपोषणातही येते. ती दिसली की आजार पुढे गेलेला आहे असे समजून त्याच दिवशी उपचार सुरू करा.

पापणी तपासायची कशी?

दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेली फामाचा ही पद्धत यासाठी जगभर वापरतात. एका तक्त्यावर लाल ते पांढरा असे पाच रंग असतात. १ म्हणजे लालबुंद, ५ म्हणजे पांढरा फटक. तक्ता छापील मूळच हवा, मोबाइलच्या पडद्यावर किंवा झेरॉक्सवर रंग बदलतात. जुना तक्ता उन्हाने विटतो, तोही बदलावा लागतो.

उजेड दिवसाचा हवा, मात्र तुमची सावली शेळीच्या डोळ्यावर पडता कामा नये. वरच्या पापणीने डोळा झाका, त्याच अंगठ्याने बुबुळावर हलका दाब द्या आणि दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली ओढा. आतले अस्तर आपोआप वर उसळते. त्या अस्तराचा रंग तक्त्याशी जुळवा. पापणीच्या कडेचा किंवा डोळ्याच्या कोपऱ्याचा रंग धरू नका. सगळे दोन-तीन सेकंदांत आटपा. पापणी ताणून धरली की रंग बदलतो. दोन्ही डोळे पाहा आणि जास्त फिकट असेल तो अंक लिहा. दोन अंकांत घोळ वाटला तर फिकट अंक धरा.

१ आणि २ अंकाच्या शेळ्यांना औषध नको. ३, ४ आणि ५ अंकांना द्या. मेंढ्यांत ३ अंकावर काही जण थांबतात, शेळ्यांत थांबू नये, कारण त्यांची घसरण झपाट्याने होते. ओल्या हंगामात दर दोन आठवड्यांनी, फार वाईट दिवसांत दर आठवड्याला आणि कोरड्या हंगामात महिन्यातून एकदा तपासणी पुरते.

पापणी फिकट म्हणजे हिमोंकसच का?

नाही. लिव्हर फ्लूक, हुकवर्म हा आतड्यातला रक्तशोषक जंत, अंगभर झालेल्या उवा, गोचिडांमुळे होणारे थायलेरिया, बबेसिया आणि ॲनाप्लाझ्मा हे रक्ताचे आजार, तांबे किंवा कोबाल्टची कमतरता, या सगळ्यांत रक्त कमी होते. ताप असेल तर आधी गोचीडतापाचा विचार करा. निव्वळ जंतांमुळे ताप येत नाही.

उलट बाजूही ध्यानात असू द्या. पापणी लाल असली तरी ट्रायकोस्ट्राँगायलस भरपूर असू शकतो. त्यासाठी पापणीसोबत आणखी चार जागा पाहा. नाकातून शेंबूड येतो का, जबड्याखाली सूज आहे का, पाठीच्या कण्यावर मांस किती आहे आणि शेपटीखाली घाण चिकटली आहे का. कण्याच्या मणक्यांवरून हात फिरवल्यावर टोके टोचू लागली तर शेळी खालावली आहे. राठ लांब केसांच्या शेळीत हे नुसते बघून कळत नाही, हात लावावाच लागतो.

लेंडी तपासणीसाठी नमुना कसा घ्यावा?

जमिनीवरची लेंडी उचलू नका. हातमोजा घालून गुदद्वारातून थेट आठ-दहा लेंड्या काढा. मोजा उलटा करून त्यातच गाठ मारा, आतली हवा काढून टाका आणि शेळीचा क्रमांक लिहा. उबेत अंडी दिवसभरात फुटून अळ्या होतात आणि मग मोजणी खोटी कमी येते, म्हणून नमुना फ्रिजमध्ये ठेवा आणि चोवीस तासांत पोचवा. फ्रीजरमध्ये ठेवू नका, अंडी फाटतात.

मोजणीची मॅकमास्टर पद्धत सोपी आहे, गटात मिळून एक सूक्ष्मदर्शक असेल तर घरीही जमते. ३ ग्रॅम लेंडी ४२ मिली मिठाच्या संपृक्त पाण्यात कुस्करायची, गाळायची, मॅकमास्टर काचेचे दोन्ही कप्पे भरून पाच मिनिटे ठेवायचे. दोन्ही कप्प्यांच्या रेघांमधली अंडी मोजून ५० ने गुणले की दर ग्रॅमला अंडी मिळतात.

हा आकडा एकटा वाचू नका. ५०० च्या खाली असेल तर मोठ्या शेळीत सहसा चिंता नसते आणि दीड-दोन हजारांच्या वर गेला तर बहुधा औषध लागते. पण पापणी लाल असलेली धडधाकट शेळी हजार अंडी टाकूनही ठणठणीत असू शकते. पोटात कोवळे जंत असतील तर अंडी शून्य असतात आणि शेळी मात्र मरणाच्या दारात असते. शिवाय हिमोंकस आणि ट्रायकोस्ट्राँगायलसची अंडी सारखीच दिसतात. ती वेगळी ओळखायला प्रयोगशाळेत अळ्या वाढवाव्या लागतात. लिव्हर फ्लूकची अंडी जड असल्याने मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत, त्यांच्यासाठी तळात बसवून पाहण्याची वेगळी चाचणी सांगून करून घ्या.

लेंडीवर तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसतात. किती घाबरायचे?

फारसे नाही. हे मोनिझिया या पट्टकृमीचे तुकडे. तो डोळ्यांना दिसतो म्हणून सगळ्यांना त्याचीच भीती वाटते. मोठ्या शेळीला त्याचा त्रास नगण्य असतो. लहान करडांत फार झाले तर पोट सुटते, वाढ थोडी मंदावते. गवतातल्या अतिसूक्ष्म किडींमार्फत तो पसरतो. उपचार करायचाच असेल तर प्राझिक्वांटेल किंवा पूर्ण मात्रेतले फेनबेंडाझोल चालते. पट्टकृमीचे औषध दिले म्हणून रक्तशोषक जंतांचेही काम झाले असे मात्र समजू नका. प्राझिक्वांटेल गोलकृमींना लागू पडत नाही.

लिव्हर फ्लूक कधी होतो?

तळे, ओढा, पाणथळ जमीन किंवा कालव्याच्या कडेला चरणाऱ्या शेळ्यांना. या चपट्या कृमीला मधल्या अवस्थेसाठी गोड्या पाण्यातली लहान शंखाची गोगलगाय लागते. गोगलगायीतून निघालेल्या अळ्या काठच्या गवतावर कवच करून चिकटतात. खूप अळ्या एकदम पोटात गेल्या तर कोवळे फ्लूक यकृत चिरत जातात आणि कसलेही लक्षण न दाखवता शेळी अचानक मरते. थोड्या-थोड्या गेल्या तर दोन-तीन महिन्यांनी खंगणे, फिकट पापणी आणि जबड्याखाली सूज दिसू लागते.

औषध निवडताना फ्लूकचे वय महत्त्वाचे. ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्या आणि मोठ्या दोन्ही फ्लूकवर चालते. ऑक्सिक्लोझॅनाइड आणि अल्बेंडाझोल मुख्यतः मोठ्या फ्लूकवर. म्हणून अल्बेंडाझोल देऊनही महिन्याभरात त्रास परत येतो तेव्हा दर वेळी औषध खोटे नसते. त्या वेळी पोटात असलेले कोवळे फ्लूक वाचलेले असतात. आयव्हरमेक्टिनचा फ्लूकवर काहीही परिणाम नाही.

काठावर कुंपण घालून हौदात पाणी पाजणे हा उपाय कोणत्याही बाटलीपेक्षा टिकाऊ आहे.

करडांना जंताचे औषध केव्हापासून द्यावे?

नुसते दूध पिणाऱ्या करडाला सहसा लागत नाही. अपवाद स्ट्राँगिलॉइडिस या आतड्यातल्या बारीक जंताचा. त्याच्या अळ्या आईच्या दुधातून आणि ओल्या बिछान्यावरून कातडीतून आत शिरतात. करडू गवत खाऊ लागल्यानंतर, म्हणजे दीड-दोन महिन्यांपासून, त्याची पापणी आणि वजन पाहायला सुरुवात करा. दूध तोडण्याच्या सुमारास धोका सर्वाधिक असतो, कारण प्रतिकार तयार झालेला नसतो आणि आहार एकदम बदलतो.

तीन आठवडे ते पाच महिन्यांच्या करडाला काळपट, चिकट किंवा रक्तमिश्रित हगवण लागली आणि ते जोर करून हगत असेल, तर आधी कॉक्सिडियाचा संशय घ्या. तो जंत नाही, एकपेशीय जीव आहे. त्यावर जंतनाशक चालत नाही. टोल्ट्राझ्युरिल, अँप्रोलियम किंवा सल्फा गटातले औषध पशुवैद्य ठरवतील. जंताचे औषध पुन्हापुन्हा पाजण्यात दोन-तीन दिवस जातात आणि तेवढ्यात करडू हातचे जाते.

दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला औषध पाजणे बरोबर आहे का?

पूर्वी हाच सल्ला दिला जायचा. आता तो सोडून द्यावा असे आमचे ठाम मत आहे. कोणत्याही कळपात साधारण पाचव्या हिश्शाच्या शेळ्या बहुतेक जंत बाळगून असतात. बाकीच्यांना औषध लागतच नाही.

सगळ्यांना एकदम औषध दिले की औषधाला दाद न देणारे तेवढे जंत जिवंत उरतात आणि कुरणावर फक्त त्यांचीच अंडी पडतात. निरोगी शेळ्यांना औषध दिले नाही तर त्यांच्या पोटातले, औषधाने मरणारे जंत आपली वीण चालू ठेवतात आणि चिवट जंतांची संख्या पातळ करतात. औषध पाजून लगेच स्वच्छ, कोऱ्या कुरणात कळप सोडणे याच कारणाने घातक ठरते, कारण तिथे पहिली पेरणीच चिवट जंतांची होते.

हा धोका कागदावरचा नाही. थायाबेंडाझोल हे जंतनाशक १९६१ मध्ये बाजारात आले आणि काही वर्षांतच त्याला न जुमानणारा हिमोंकस सापडला. पुढे आयव्हरमेक्टिनचेही तेच झाले. नवे औषध येईल या भरवशावर राहण्याइतकी नवी औषधे येत नाहीत.

मात्रा कशी ठरवायची?

शेळीचे यकृत बरीच जंतनाशके मेंढीपेक्षा वेगाने निकालात काढते. म्हणून मेंढीची मात्रा शेळीला पुरत नाही, दीड ते दोन पट लागते. पशुवैद्यांच्या वापरात असलेल्या तोंडावाटे मात्रा दर किलो वजनाला अशा: अल्बेंडाझोल १० मिलीग्रॅम, फेनबेंडाझोल १० मिलीग्रॅम, आयव्हरमेक्टिन ०.४ मिलीग्रॅम, लेव्हामिसोल १२ मिलीग्रॅम. यातल्या काही मात्रा बाटलीवरच्या सूचनेपेक्षा जास्त आहेत, म्हणून पहिल्यांदा पशुवैद्यांना विचारूनच ठरवा. लेव्हामिसोलमध्ये अंदाज अजिबात नको. मात्रा थोडी चढली तरी लाळ गळते, अंग थरथरते. क्लोझँटेल जास्त झाले तर शेळी कायमची आंधळी होऊ शकते.

वजन नजरेने ठरवू नका. काटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८००. घेर ७० आणि लांबी ६२ असेल तर ७० × ७० × ६२ = ३,०३,८००, त्याला १०,८०० ने भागून २८ किलो.

आता औषधाची तीव्रता वाचा. अडीच टक्के अल्बेंडाझोल म्हणजे दर मिलीत २५ मिलीग्रॅम. २८ किलोला २८० मिलीग्रॅम हवे, म्हणजे ११.२ मिली. तेच औषध दहा टक्क्यांचे असेल तर फक्त २.८ मिली. दोन्ही बाटल्यांवर नाव एकच असते, रंगही सारखा असतो आणि चूक नेमकी इथे होते. बाटली आधी चांगली हलवा. द्रावणातले औषध तळाला बसते आणि पहिल्या शेळ्यांना नुसते पाणी जाते.

औषध पाजायचे कसे?

शेळीला उभी ठेवा, डोके सरळ, हनुवटी जेमतेम आडवी. मान वर ताणली तर औषध श्वासनळीत जाते. सिरिंजचे किंवा ड्रेंचिंग गनचे टोक ओठांच्या कोपऱ्यातून घालून जिभेच्या मागच्या भागावर न्या आणि शेळीला गिळू देत हळू सोडा. तोंडाच्या पुढच्या भागात टाकले तर काही वेळा औषध पहिल्या पोटाला वळसा घालून थेट पुढे निघून जाते. पहिल्या पोटात पडलेले औषध हळूहळू पुढे सरकते, त्यामुळे ते जंतांना जास्त वेळ भिडते. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोलला ही गोष्ट विशेष लागू आहे.

याच कारणाने ही दोन औषधे देण्याआधी बारा तास चारा बंद ठेवला तर परिणाम वाढतो. पाणी मात्र चालू ठेवा. गाभणपणाच्या शेवटच्या दिवसांतल्या, आजारी किंवा फार खंगलेल्या शेळीला उपाशी ठेवू नका.

पाजताना खोकली तर लगेच थांबा, डोके खाली सोडा.

गाभण शेळीला जंतनाशक चालते का?

चालते, पण कोणते आणि कधी ते महत्त्वाचे. अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात देऊ नका, गर्भात व्यंग येऊ शकते. नर कळपातच फिरत असेल तर कोणती शेळी केव्हा गाभण राहिली ते सांगता येत नाही. अशा कळपात फेनबेंडाझोल अधिक सुरक्षित.

विण्याच्या सुमारास दोन आठवडे आधीपासून पुढे सहा-आठ आठवडे शेळीची प्रतिकारशक्ती खाली येते. पोटात दबा धरून बसलेल्या अळ्या तेव्हा जाग्या होतात आणि अंड्यांची संख्या एकदम चढते. तीच अंडी नुकत्याच जन्मलेल्या करडांच्या वाट्याला येतात. म्हणून या काळात पापणी दर आठवड्याला पाहा आणि प्रथिनयुक्त खुराक वाढवा. जुळी-तिळी असलेल्या आणि पहिल्यांदा विणाऱ्या शेळ्या आधी बघा.

औषध देऊनही फरक नाही. काय चुकले?

क्रमाने तपासा. वजन कमी धरले का, बाटली हलवली का, मुदत संपली होती का, औषध उन्हात राहिले का, शेळीने थुंकले का. मग जंतच होते की कॉक्सिडिया, फ्लूक किंवा गोचीडताप, हे पाहा. आणि कुरण इतके भरलेले असेल की औषध दिल्यानंतर तीन आठवड्यांत नवे जंत तयार झाले, तर तोही औषधाचा दोष नाही.

हे सगळे ठीक असेल तर औषध निकामी झाल्याची चाचणी करा. दहा शेळ्या निवडा, औषधाच्या दिवशी प्रत्येकीची लेंडी मोजा आणि दहा ते चौदा दिवसांनी त्याच शेळ्यांची पुन्हा मोजा. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली तर तुमच्या कळपातले जंत त्या औषधाला सरावू लागले आहेत. आधी सरासरी १,२०० होती आणि नंतर ३०० राहिली, तर घट ७५ टक्केच. त्या औषधावर यापुढे जीव टांगू नका.

अल्बेंडाझोल चालले नाही म्हणून फेनबेंडाझोल देण्यात अर्थ नाही. दोन्ही एकाच गटातली आहेत. दर वेळी औषध आलटून पालटून देण्यानेही सराव थांबत नाही. त्यापेक्षा पशुवैद्यांच्या सल्ल्याने दोन वेगळ्या गटांतली औषधे, दोन्ही पूर्ण मात्रेत, एकाच दिवशी, पण वेगवेगळ्या सिरिंजमधून देणे जास्त परिणामकारक ठरते.

पाठीवर ओतायचे किंवा इंजेक्शनचे औषध चालेल का?

पोटातल्या जंतांसाठी तोंडावाटेच द्या. पाठीवर ओतलेले औषध शेळीच्या कातडीतून नीट शोषले जात नाही. इंजेक्शनचे आयव्हरमेक्टिन अंगात बराच काळ उतरत्या पातळीत राहते आणि जंतांना सरावाची संधी देते. खरजेसाठी इंजेक्शन द्यावे लागते, तो भाग वेगळा.

पाला, लसूण, कडुनिंब, तांबे यांनी जंत मरतात का?

लसूण आणि कडुनिंबाचे प्रयोगशाळेत परिणाम दिसतात, पण जिवंत शेळीत रक्तक्षय थांबवण्याइतका भरवशाचा परिणाम मिळत नाही. पांढऱ्या पापणीच्या शेळीवर असा प्रयोग करू नका. टॅनिनयुक्त, म्हणजे तुरट, झाडपाला हा मात्र खरोखर उपयोगी आहे. त्यामुळे अंडी काही प्रमाणात घटतात, आतड्याला जास्त प्रथिने मिळतात आणि शेळीचे तोंड जमिनीपासून वर राहते. तांब्याच्या ऑक्साइडच्या बारीक तारांच्या कॅप्सूल हिमोंकसवर चालतात, इतर जंतांवर नाही. यात तांब्याची विषबाधा होण्याचा धोका आहे, म्हणून पशुवैद्यांना विचारल्याशिवाय नको. मोरचूद पाजणे तर पूर्ण बंद करा.

चराईत काय बदलावे?

बहुतेक अळ्या गवताच्या खालच्या पाच-सात सेंटिमीटरमध्ये असतात. गवत बोटभर उरण्याआधीच कळप हलवा. शेळी मुळात झुडपे खाणारी, म्हणून जमिनीलगतच्या जंतांविरुद्ध तिचा प्रतिकार मेंढीपेक्षा कच्चा राहिला आहे. झुडपांवर चरू दिले तर निम्मा प्रश्न सुटतो.

उष्ण-दमट भागात टोंगा बेटांवर शेळ्यांवर केलेली पद्धत उपयोगी ठरली आहे. कुरणाचे दहा तुकडे करायचे आणि प्रत्येकात साडेतीन दिवस चारायचे. कळप पुढे जातो तेव्हा अळ्या तयार झालेल्या नसतात आणि महिन्याभराने परत येतो तोवर उष्णतेत बऱ्याचशा मरून गेलेल्या असतात. संसर्गजन्य अळी काही खात नाही, अंगातल्या साठ्यावर जगते. जितके ऊन तितका साठा लवकर संपतो. थंड हवेत त्याच अळ्या सहा महिनेही टिकतात, त्यामुळे तिथे महिन्याची विश्रांती पुरत नाही.

गाई-म्हशी शेळ्यांच्या मागून त्याच कुरणात चारल्या तर त्या अळ्या गिळतात आणि बहुतेक अळ्या त्यांच्या पोटात वाढत नाहीत. मेंढ्यांचा असा उपयोग नाही, दोघींचे जंत एकच. सकाळी दव सुकल्यावर कळप बाहेर काढणे फायद्याचे.

बंदिस्त शेळ्यांना जंत होतात का?

कमी होतात. पण ओल्या कुरणातून कापून आणलेला चारा, लेंड्यांनी भरलेली गव्हाण आणि ओली जमीन यांतून होतातच. गव्हाण शेळीच्या खांद्याच्या उंचीवर ठेवा आणि तिच्यात पाय जाणार नाहीत अशी बांधा. पाण्याच्या भांड्यात लेंड्या पडू देऊ नका. हुकवर्म आणि स्ट्राँगिलॉइडिसच्या अळ्या कातडीतून शिरतात, म्हणून बिछाना कोरडा हवा.

पापणी पांढरी झालेली, उठता न येणारी शेळी वाचते का?

बऱ्याचदा वाचते, घाई-गडबड केली नाही तर. तिला पळवू नका, ओढू नका. रक्त इतके कमी असते की धडपडीने ती जागीच मरते. सावलीत, चारा-पाणी तोंडाशी ठेवून बसवा. खात्रीच्या जंतनाशकाची पूर्ण मात्रा द्या. अशक्त आहे म्हणून अर्धी देऊ नका, मात्र अशा शेळीला लेव्हामिसोल टाळा. पशुवैद्य लोह आणि बी१२ देतील. फारच वाईट अवस्था असेल तर निरोगी शेळीचे रक्त, दर किलोला १० ते १५ मिली, चढवता येते.

पुढचे काम प्रथिनांचे. चांगला हिरवा द्विदल चारा आणि पेंड थोडी-थोडी वाढवत द्या. एकदम भरपूर धान्य घातले तर पोटात आम्ल वाढून दुसरेच संकट उभे राहते. पापणी पूर्ववत व्हायला महिना-दीड महिना लागतो, तोवर तिला कुरणात सोडू नका.

नवी शेळी कळपात घेताना काय करावे?

तिच्यासोबत दुसऱ्याचे चिवट जंत विकत येतात. तीन ते चार आठवडे वेगळी ठेवा. पहिल्याच दिवशी दोन वेगळ्या गटांची औषधे द्या. चौदा दिवसांनी लेंडी तपासा आणि अंडी शून्याजवळ असतील तरच पुढे जा. कळपात घेताना तिला तुमच्या वापरातल्या, आधी चरलेल्या कुरणावर सोडा.

एक शेळी मान वाकडी करून गोल फिरते. हा जंताचा प्रकार आहे का?

असू शकतो. कुत्र्याच्या आतड्यातल्या टीनिया मल्टिसेप्स या पट्टकृमीची अंडी गवतातून शेळीच्या पोटात जातात आणि मेंदूत पाण्याची पिशवी वाढते. शेळी एका बाजूला फिरते, अडखळते, एका डोळ्याने दिसेनासे होते. नेहमीच्या जंतनाशकाने पिशवी जात नाही, काही वेळा शस्त्रक्रियेने काढता येते. लिस्टेरिया या जिवाणूच्या आजारातही शेळी गोल फिरते, पण त्यात ताप असतो आणि तोंडाची एक बाजू लुळी पडते. तो काही दिवसांत जीव घेतो, म्हणून निदान लवकर हवे.

प्रतिबंध कुत्र्यापासून सुरू होतो. मेलेल्या किंवा कापलेल्या जनावराचे डोके, यकृत, फुप्फुस कुत्र्याला कच्चे घालू नका, खोल पुरा. राखणीच्या कुत्र्यांना दर सहा आठवड्यांनी प्राझिक्वांटेल, दर किलोला ५ मिलीग्रॅम, द्या. माणसाच्या यकृतात गाठी करणारा एकायनोकॉकसही कुत्र्यामार्फतच पसरतो, त्यामुळे यात घरच्यांचाही बचाव आहे.

जंतनाशक दिल्यावर दूध आणि मांस केव्हा वापरता येते?

बाटलीवर लिहिलेला कालावधी संपल्यावर. तो औषधागणिक वेगळा असतो. शेळीला मात्रा जास्त दिली असेल तर लेबलावरचा कालावधी पुरत नाही, किती वाढवायचा ते पशुवैद्यांकडून लिहून घ्या. हिमोंकस दुधातून किंवा मांसातून माणसाला होत नाही.

तीच ती शेळी दर वेळी आजारी पडते. तिचे काय करावे?

वही काढा. प्रत्येक शेळीचा क्रमांक, तपासणीची तारीख, पापणीचा अंक आणि औषध दिले की नाही, एवढेच लिहा. एका हंगामात तीनदा औषध लागलेली शेळी तुमच्या कुरणावर इतरांसाठी जंत पेरत असते. तिची करडे वंशासाठी ठेवू नका आणि शक्य तितक्या लवकर तिला कळपातून काढा. जंतांना तोंड देण्याची ताकद काही अंशी आनुवंशिक असते, म्हणून बोकड निवडताना ही वही आधी उघडा. ज्याला कधी औषध लागले नाही आणि ज्याच्या आईलाही क्वचितच लागले, असा बोकड निवडा, मग तो शेजारच्या बोकडापेक्षा दोन-तीन किलोंनी हलका असला तरी चालेल.